सभेचा मांडव

निवडणूक खर्चाच्या तक्रारीची सुनावणी होती. सभेला एवढा मोठा मांडव, आणि हिशेबात त्याचा पत्ताच नाही, असं विरोधकांचं म्हणणं. मांडववाला एकच वाक्य घोटून आला होता: 'घरचं काम साहेब, दमडी घेतली नाही.'

पण उमेदवारबाईच आधी बोलल्या, "या गृहस्थांना मी ओळखत नाही. त्यांनी परस्पर घातला मांडव."



"मग विनापरवाना मांडवाचा गुन्हा तुमच्यावर," सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मांडववाल्याला बजावलं. "खरं आहे हे?"

त्याने एकदा बाईंकडे पाहिलं. "हो, साहेब."

बाहेर पायऱ्यांवर बाई धावत त्याच्यामागे आल्या. "बाबा, ऐका तरी! फुकटचा मांडवही खर्चात धरतात. मी बादच झाले असते!"

मांडववाल्याने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि तिला नीट न्याहाळलं.

"कोण आपण, बाई?"