दारातल्या चपला

“पोरींना घरातलं लिहायला लावू नको. छापलेलं चांगलेबी वाचतात, वाईटबी,” सासूबाई म्हणाल्या होत्या. वर्षाराणीनं ते हसण्यावारी नेलं. गेवराईत ती पेपरात लिहायची, रविवारी मुलांना निबंधासाठी त्यांच्याच जगण्यातले विषय शोधून द्यायची. “कुणाला न सांगता रोज काय करतेस?” तिनं तलवाड्याच्या रुद्राणीला विचारलं. “आई न्हाई, बाप ट्रकवर. दिवेलागणीला त्याच्या चपला दारात मांडते. घरात गडीमाणूस हाय वाटावं म्हणून.” “हाच तुझा विषय.” निबंध जिवंत उतरला. वर्षाराणीनं हौसेनं नावगावासकट रंगीत पुरवणीत छापून आणला. त्यानंतर रुद्राणी आलीच नाही. त्या चपलांत पाय नाहीत, हे आता गावाला ठाऊक होतं. वर्षाराणीचा नवरा परगावी नोकरीला, मांडीवर तापलेलं लेकरू, तलवाड्याला जायचं कसं? पुढच्या लेखात तिनं एवढंच लिहिलं: ‘तलवाड्याच्या बायांनो, रुद्राणीला हाक मारून बघा. दारात चपला दिसल्या, तरीही.’