तोंडी परीक्षा

"आयुर्वेद कशासाठी?" सरांनी विचारलं.

"आधी निरोगी माणसाचं आरोग्य राखण्यासाठी. मग आजारी माणसाचा आजार घालवण्यासाठी."

"क्रम उलटा केला तर?"

"तर तो नुसता धंदा होईल, सर."

खिडकीशी बसलेल्या, बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक बाई गालातल्या गालात हसल्या. सरांचा चेहरा दगडासारखा. मुलं त्यांना 'कात्री' म्हणायची. समोर बसलेल्या मुलीला याच विषयात त्यांनी दोनदा कापलं होतं. आजची तिसरी खेप. या वेळी नापास झालीस तर सामान बांध आणि दादाच्या दुकानात बस, असं बाबांनी फोनवर रोखठोक सांगितलं होतं.

"बरं. हे शास्त्र माणसांपर्यंत आलं कसं?"

हे तिला तोंडपाठ होतं. रोगांनी माणसं बेजार झाली, कुणाला धड जगता येईना, तेव्हा ऋषी डोंगराच्या कुशीत जमले. त्यांना ते हाल बघवेनात. मग भरद्वाज इंद्राकडे गेले आणि ही विद्या घेऊन आले. ती घडाघडा बोलत सुटली. सरांनी चहाचा कप उचलला. दिनचर्येवर तास तास बोलणारा हा माणूस परीक्षेच्या दिवशी उपाशीपोटी चहावर चहा ढोसतो, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं.

चहा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळला. हनुवटीवरून शर्टावर आला. सरांना पत्ताच नव्हता.

ती थांबली. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. अकरा दहा.

"विसरलीस?" शब्द जिभेवर घसरल्यासारखा आला.

"नाही, सर."

"मग दातखीळ का बसली? पुढं. रोग्याची परीक्षा कशी करायची?"

"पाहून. हात लावून. विचारून."

बोलता बोलता ती पाहतच होती. डाव्या गालावरची घडी सपाट झाली होती. डावा हात टेबलावरून मांडीवर पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

आणि आपलं चुकत असलं तर? सकाळी भूल घेऊन दात काढून आले असले तर? मग भर परीक्षेत थट्टा केली म्हणून कायमची सुट्टी. बाईंची मान गुणपत्रकात होती.

"सर, जरा हसून दाखवा."

बाईंचं पेन थांबलं.

"काय म्हणालीस?"

"दात दाखवा, सर. आणि दोन्ही हात पुढं करून वर धरा."

"शुद्धीवर आहेस का? चालती हो!"

सर तावातावानं उठायला गेले. उजवा पाय उभा राहिला, डावा राहिला नाही. ते कलंडले तशी तिनं टेबलाला वळसा घालून त्यांना बगलेखाली हात घालून धरलं.

"बाई, पक्षाघात आहे! गाडी बोलवा. मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं."

"अगं, आधी घोटभर पाणी तरी..."

"पाणी नको! घशात अडकेल. गाडी बोलवा म्हणते ना!"

आपण परीक्षकांवर ओरडलो, हे तिला गाडीत बसल्यावर कळलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सरांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "त्रास नक्की कधी सुरू झाला? अंदाज नकोय. पुढचं औषध त्या वेळेवरून ठरणार."

"अकरा वाजून दहा मिनिटांनी. तोवर बोलणं स्वच्छ होतं."

"कुणी पाहिलं?"

"मी."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही." ती घुटमळली. "विद्यार्थिनी. यांच्यासमोर परीक्षा चालू होती. अर्धीच राहिली."

स्ट्रेचरवर सरांचा उजवा हात हलला. जीभ जड झाली होती. शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"झाली," ते म्हणाले.