डॉक्टरांच्या नाचातली हार्प

हार्पचा शेवटचा सूर विरला आणि रिकाम्या नृत्यशाळेत हॉफराट फॉन टुर्नवाल्ड यांचा मघापासूनचा खोकला तेवढा ऐकू येत राहिला. व्हिएन्नातली निम्मी बडी घराणी त्यांच्या औषधांवर जगत होती. हॉफराट ही दरबारची पदवी मिळाल्यापासून त्यांना नुसतं डॉक्टर म्हटलेलं खपत नसे. शहरात दर हिवाळ्यात प्रत्येक धंद्याचा आपला एक नाच असे; येत्या मंगळवारी होणाऱ्या डॉक्टरांच्या नाचाचे ते अध्यक्ष होते.

"क्रेनमायर, हे काय आहे?"

"ग्रहताऱ्यांचं संगीत, हॉफराटसाहेब." आलोइस क्रेनमायरने व्हायोलिन खाली ठेवलं नाही. यंदाच्या नाचाचा वॉल्ट्झ त्याने रचला होता, आणि आज त्याची तालीम होती. "आधी आकाश. मग नाच."

हॉफराटसाहेबांनी त्याला शांतपणे समजावलं. वकिलांनी आपल्या नाचात आकाश खुशाल वाजवावं, पाववाल्यांनीही वाजवावं. डॉक्टरांच्या नाचात देवदूतांची हार्प ऐकली की पाहुण्यांना वर गेलेले नातेवाईक आठवतील, आणि ते कोणाच्या हातून गेले तेही. तेव्हा ही संथ सुरुवात काढायची आणि एकदम ठेका धरायचा. जमत नसेल तर गेल्या वर्षीचा 'चढता ताप' हा वॉल्ट्झ आहेच. लोकांना फार आवडला होता.

बाकीचा वॉल्ट्झ आलोइसने आठवड्यात उरकला होता. त्या संथ सुरुवातीला मात्र अख्खा हिवाळा लागला होता. तो वादकांपुढची पानं गोळा करू लागला.

"काही हरकत नाही. गुरुवारी अंत्यविधीवाल्यांचा नाच आहे. ते केव्हाचे मागे लागलेत. हार्प तर त्यांना फारच आवडली."

"आमचा वॉल्ट्झ मढेवाल्यांना देणार?"

"एरवीही तुमच्याकडचं सगळं त्यांच्याकडेच जातं ना," आलोइस अदबीने म्हणाला.

वादकांनी माना खाली घातल्या. खिडकीपाशी बसलेल्या हॉफराटीणबाईंनी तोंडासमोर पंखा धरला. पंखा बराच वेळ हलत होता, वारा मात्र येत नव्हता. मग त्या उठल्या, नवऱ्याला दंडाला धरून मधोमध घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा वाजवा. मघाशी यांच्या खोकल्यात नीट ऐकू आलं नाही."

आलोइसने पानं परत वाटली आणि हार्पकडे मान वळवली.

दोघं समोरासमोर उभे राहिले. सूर एकेक करून खाली उतरत होते. हॉफराटसाहेबांची बोटं बायकोच्या तळव्यावरून सरकत मनगटावर गेली आणि तिथेच थांबली. दुसरा हात तिच्या कमरेवर जायचा, तो कोटाच्या खिशात गेला आणि घड्याळ घेऊन बाहेर आला. हार्प संपेपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. ते एकदाही खोकले नाहीत.

मागून हलकेच ठेका सुरू झाला.

"अहो, आहे मी अजून," हॉफराटीणबाई म्हणाल्या. "नाचा आता."