कोरडा टॉवेल

“थांब. परत बोल,” आई म्हणाली. “काय म्हणालीस आत्ता?”

मुलगी दचकली. तिला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण ती सोळा वर्षांची होती आणि तीन आठवडे दाबून ठेवलेलं एकदाचं तोंडाबाहेर पडलं होतं. पोहण्याच्या सरांचा सकाळीच फोन आला होता, त्यावरून भांडणाला तोंड फुटलं होतं. आता माघार नव्हती.

“बोलते ना. रोज पिशवी घेऊन निघते, बसस्टॉपवर बसते आणि परत येते. रोज कोरडा टॉवेल घरी आणते. तो दोरीवर कोण टाकतं? तूच! कोरडा टॉवेल वाळत घालतेस, आई. तीन आठवडे. तुझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. आणि मी पोहणं का सोडलं, ते—”

इथे ती थांबली. आईने कानामागची पेन्सिल काढली होती. वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर ती भराभर लिहीत होती. ‘कोरडा टॉवेल वाळत घालतेस’ इथपर्यंत लिहून झालं होतं.

“हं, पुढे?” आई म्हणाली.

“काही नाही,” म्हणून मुलगी शाळेत निघून गेली.

आई वाईट नव्हती. ती किशोरवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहायची. अकरा झाल्या होत्या. ‘आमच्या मुलांच्या मनातलं तुम्हाला कसं बरोब्बर कळतं?’ अशी पत्रं तिला अनोळखी आयांकडून यायची आणि ती त्यांना मायेने उत्तरं पाठवायची. बारावं पुस्तक मात्र नवव्या प्रकरणात अडकून बसलं होतं. त्यात मुलीचं आईशी भांडण होतं आणि संपादकबाईंनी ते दोनदा परत पाठवलं होतं. “तुमची मुलगी भांडत नाही हो, भाषण करते,” त्या म्हणाल्या होत्या. आता शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर पुस्तक वर्षभर लांबणार होतं. अशात भर स्वयंपाकघरात आयतं ताट समोर आलं.

संध्याकाळी लेकीला जवळ घेऊन नीट विचारायचं, असं तिने ठरवलं होतं. अगदी मनापासून ठरवलं होतं. फक्त त्याआधी, आठवतंय तोवर, सगळं उतरवून काढायचं होतं. उतरवण्यात दोन दिवस गेले. तोवर मुलगी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठेव तिथे’ एवढ्यावर आली होती.

प्रकरण झकास उतरलं. एकच अडचण होती. पुस्तकातली मुलगी पोहणं का सोडते, ते लिहिणारीलाच ठाऊक नव्हतं. मग तिने युक्ती केली. मुलगी कारण सांगायला तोंड उघडते, पुस्तकातली आई गॅस बंद करते, खाली फरशीवर बसते, तिचा हात हातात घेते आणि म्हणते, “बोल बाळा. मी ऐकतेय.” तिथेच प्रकरण संपवून टाकलं.

“तो टॉवेल!” आईने प्रकरण फोनवर वाचून दाखवलं तेव्हा संपादकबाई जवळजवळ ओरडल्या. “अहो, कुठून सुचतं तुम्हाला?”

“सुचतं असंच,” आई म्हणाली.

“आणि कारण न सांगता थांबलात, ही तर कमालच.”

आईने ही कमालसुद्धा पदरात पाडून घेतली.

आता फक्त फुल्या राहिल्या होत्या. दहाव्या वर्षापासून मुलगीच आईची पहिली वाचक होती. नियम ठरलेला. जिथे खोटं वाटेल, तिथे समासात पेन्सिलीने एक बारीकशी फुली करायची. का, ते सांगायचं नाही आणि आईने विचारायचं नाही. त्या फुल्यांपायी आईने अख्खी प्रकरणं फाडून टाकली होती, आणि मुलीला त्याचा फार अभिमान होता. नवव्या प्रकरणाची पानं तिच्या टेबलावर ठेवताना आई थबकली. क्षणभर वाटलं, नको. पण शुक्रवार परवावर आला होता. तिने पेन्सिलीला टोक काढून तीही शेजारी ठेवली.

शुक्रवारी सकाळी पानं जेवणाच्या टेबलावर होती. आईने ती उभ्या उभ्याच चाळली. पहिलं पान स्वच्छ. बसस्टॉपचं पान स्वच्छ. टॉवेलच्या पानावर तर पेन्सिल टेकलीसुद्धा नव्हती. आईला हायसं वाटलं. पोरगी चिडली असती तर पानं फुल्यांनी भरली असती, तिने स्वतःशी म्हटलं.

फुली शेवटच्या पानावर होती. एकच. ‘बोल बाळा. मी ऐकतेय’ या ओळीसमोर.

आई ते पान घेऊन मुलीच्या खोलीच्या दारात गेली. मुलगी बुटांच्या नाड्या बांधत होती. दारामागे पोहण्याची पिशवी लटकत होती, तिच्यातून घडी न मोडलेला टॉवेल डोकावत होता.

“इथे फुली का गं?” आईने विचारलं.

आजवर तिने कधी विचारलं नव्हतं. मुलीने मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते आणि नाडी हातातच राहिली होती. ती वाट बघत होती. आईने नुसतं खाली बसायचं होतं.

“म्हणजे, खरी आई असती तर इथे काय म्हणाली असती?” आई म्हणाली. “दुपारपर्यंत पाठवायचंय गं.”

मुलीने नाडीची गाठ घट्ट आवळली.

“‘थांब. परत बोल,’” ती म्हणाली. “एवढंच म्हणाली असती.”

आईला ते एकदम पटलं. तिने कानामागची पेन्सिल काढली आणि लिहून घेतलं.