चारशे बारा पादचारी

गल्लीला फुटपाथ हवा म्हणून आम्ही नगरपालिकेच्या हात धुऊन मागे लागलो होतो. शेवटी वैतागून इंजिनीअरसाहेब म्हणाले, "आधी चालणारी माणसं दाखवा!" आणि आमच्या गेटसमोरच्या खांबावर त्यांनी एक यंत्र बसवलं. समोरून कुणी चालत गेलं की त्यात एक आकडा वाढायचा.

आम्ही आशाच सोडली. आमच्याकडे लोक कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणायलासुद्धा गाडी काढतात.

पण आठवड्याने यंत्र उघडलं, तर रोजचे चारशे बारा पादचारी! साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडा तोच. दोन महिन्यांत ऐसपैस फुटपाथ झाला, वर बसायला चार बाकं.

उद्घाटनाला नगराध्यक्षाबाई आल्या. फीत कापली आणि रिकाम्या फुटपाथवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवून म्हणाल्या, "अहो, पण ते चारशे बारा लोक आहेत कुठे?"

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून ओरडल्या, "आमचे हे आहेत ना! डॉक्टरांनी रोज दोन तास चालायला सांगितलंय. नजरेआड झाले की बेकरीत शिरतात, म्हणून मी त्यांना या खांबापुढेच येरझारा घालायला लावते."

मग त्या आत वळल्या.

"अहो, बूट घाला लवकर! खाली तुम्हा चारशे बारा जणांची वाट बघतायत!"