मंद आच

बेकारभत्त्याची मुदत सहा महिन्यांनी वाढल्याची बातमी बायकोने फोनवर ओरडून सांगितली, तेव्हा उस्ताद काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा होता.

"अहो, ऐकताय ना? काचकामगारांना, सगळ्यांना! आत्ताच टीव्हीवर सांगितलं."

"ऐकतोय," तो म्हणाला. समोर मॅनेजरसाहेब तीच बातमी घेऊन आले होते.

बाटल्यांना गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून कारखाना कधीचाच बंद होता. भट्टी मात्र विझली नव्हती. काचेची भट्टी एकदा थंड पडली की आतल्या विटा तडकतात. मग ती पेटवायची म्हणजे नवीच बांधायची. म्हणून मालकाने ती मंद आचेवर जागती ठेवली होती. उस्ताद आणि त्याचा जोडीदार लंबू आळीपाळीने तिच्यापाशी बसत, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे.

"मालक आजवर तुमच्या तोंडाकडे बघून थांबले," मॅनेजरसाहेब म्हणाले. "आता तुमची सोय झाली. गॅसचा खर्च त्यांना झेपत नाही, उस्ताद."

"म्हणजे आम्ही तगलो, म्हणून हिचा गळा दाबायचा?" लंबू उसळला.

 मॅनेजरसाहेब हळूच म्हणाले, "भट्टी बंद करायला उद्या बाहेरचा माणूस येतोय."

"बाहेरचा नको," उस्ताद म्हणाला. "तो एका झटक्यात बंद करून मोकळा होईल. मी तिची आच उतरवतो. हळूहळू उतरवली तर थोड्या विटा वाचतील."

"वाचवून कोणासाठी ठेवणार?" लंबूने विचारलं.

 उस्तादाने गॅसचा व्हॉल्व्ह अगदी किंचित फिरवला आणि स्टूल ओढून बसला.

घरी बायको खुशीत होती. पोरीची शाळा सुटणार नाही, खोली सोडावी लागणार नाही, सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं. त्याच्याकडे बघून ती थबकली.

"एवढी चांगली बातमी, आणि तुमचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?"

"बातमी चांगलीच आहे गं. आज नीट झोप लागेल तुला." त्याने बूट काढले. "पण कारखाना सुरू व्हायचा असता, तर मुदत कशाला वाढवली असती?"

 तिने त्याचं ताट वाढलं आणि तो जेवेपर्यंत शेजारी बसून राहिली.

पुढचे काही दिवस उस्ताद घरी फक्त अंघोळीला येई. भट्टीतला पिवळा उजेड केशरी झाला, केशरीचा लाल, आणि मग आत बघायला बॅटरी लागली. मधूनच एखादी वीट तडकन वाजे. लंबू दर वेळी दचके. उस्ताद नुसता मान हलवी.

शेवटच्या दिवशी बायको डबा घेऊन स्वतः आली. इतक्या वर्षांच्या संसारात ती कधी फाटकाच्या आत आली नव्हती. एवढ्या मोठ्या शेडमध्ये ती बिचकत चालली, भट्टीपाशी थांबली, आणि तिने भिंतीवर तळहात टेकला. लगेच मागे घेतला.

"अगं बाई! केवढी तापलीय!"

"नाही गं," उस्ताद म्हणाला. "गार झालीय ती."