पावलोची गाडी किंचाळते

गळ्याशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी या हिवाळ्यात ग्लासातच गोठून बसू दे.

त्या शनिवारी सकाळी उणे अडतीस होतं. थुंकलं तर थुंकी जमिनीवर पोचायच्या आत मणी होऊन टणकन पडायची. आणि सिग्गाच्या गॅरेजसमोर पावलोची पांढरी पिकअप अशी किंचाळत होती, की पलीकडच्या बेकरीतली माणसं काचेला नाकं लावून बघत उभी राहिली.

"आत घे की गाडी," डारका म्हणाली. डारका ही पावलोची मुलगी, नाताळानंतर विनिपेग शहरातून बापाला सांभाळायला आलेली. सिग्गाने नुसती मान हलवली. थंडीत ओरडणारी गाडी उबेत नेली की गप्प बसते, मग दुखतंय कुठे ते कळत नाही. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारी बाई ती. तिने तिथेच बर्फात बॉनेट उघडलं.

गाडीचं डारकाला एवढं काही नव्हतं. काळजी होती बापाची. तीन आठवडे म्हाताऱ्याने एकच धरलं होतं, की माझी गाडी कधी ओरडत नव्हती. शिवाय सीट आपोआप पुढे सरकली म्हणे. खणातल्या सूर्यफुलाच्या बिया जाऊन तिथे पेपरमिंटच्या गोळ्या आल्या म्हणे. डारका दर वेळी गोड आवाजात सांगायची, बाबा, तुम्हीच केलं असेल, विसरला असाल. शेवटी तिने त्याचं लायसन्स आपल्या पर्समध्ये टाकलं. सोमवारी डॉक्टरकडे जायचं होतं. डॉक्टर एका कागदावर सही करणार आणि पावलोचं गाडी चालवणं कायमचं बंद होणार. गावापासून चौदा मैलांवर शेतात राहणाऱ्या माणसाचं. आधी तो तावातावाने भांडायचा. कालपासून तोही म्हणायला लागला होता, असेल बुवा, विसरलो असेन.

सिग्गाने थर्मासमधला गरम चहा झाकणात ओतला आणि प्यायच्या ऐवजी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर शिंपडला. पट्टा ओरडत असता तर क्षणभर तरी गप्प झाला असता. झाला नाही. मग तिने हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक पुलीच्या नटावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. पहिली पुली. दुसरी. तिसऱ्या पुलीपाशी ती थांबली, आणि डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा बघून डारकाला वाटलं, इंजिनच गेलं.

"बेअरिंग गेलंय," सिग्गा म्हणाली. "दोन हिवाळे सांगतेय, बदल म्हणून."

"दोन हिवाळे. ऐकलंत ना, बाबा?"

पावलो गोंधळला. मला कधी सांगितलंस, असं त्याने हळूच विचारलं.

"तुला कुठे? तुला नाही सांगितलं." सिग्गा अजून गाडीकडेच बघत होती. "पावलो, तुझ्या गाडीचा नंबर काय?"

कशाला त्यांना त्रास, असं डारका म्हणतेय तोवर पावलोने श्वासही न घेता सांगून टाकला. केबीआर चारशे सोळा.

सिग्गा मागे गेली. नंबरपाटीवर चिखल आणि बर्फाचा जाड थर बसला होता. तिने बुटाच्या टाचेने दोन लाथा घातल्या. सगळा थर एकदम खाली आला. पाटीवर होतं, जीटीडब्ल्यू नऊशे दोन.

गाडी तेवढी किंचाळत राहिली.

"ही ओरेस्टची," सिग्गा म्हणाली.

ओरेस्ट म्हणजे चर्चमध्ये घंटा वाजवतो तो. बॉनेटवर सणाचं तीर्थ शिंपडलं आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी गप्प झाली, असं तो तीन रविवार गावभर सांगत होता. सांगताना सूर्यफुलाच्या बिया चावत होता. त्या कुठून आल्या ते त्याने देवालाही विचारलं नाही. कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर चाळीस गाड्या किल्लीसकट चालूच ठेवलेल्या असतात, थंडीत बंद कोण करणार. निम्म्या पांढऱ्या. आणि प्रत्येकीत तेच फावडं, तीच घोंगडी, कॉफीच्या डब्यात तीच मेणबत्ती.

डारकाने पाटी दोनदा वाचली. मग ती सावरली आणि अगदी कळवळून बोलली.

"बघितलंस ना, सिग्गा? दुसऱ्याची गाडी घरी आणली. कळलंसुद्धा नाही त्यांना."

पावलोने उजव्या हातातला हातमोजा काढला, सावकाश, एकेक बोट ओढून.

"सामन्याच्या दिवशी माझी बोटं सुजली होती, डारका," तो म्हणाला. "परतताना गाडी तू चालवलीस. मी शेजारी बसलो होतो."

डारकाचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. आत थंडी शिरली, दात ठणकायला लागले, तरी मिटेना. पावलोने उघडा हात तिच्यासमोर धरला. तिने पर्स उघडली आणि लायसन्स लगेच त्याच्या हातावर ठेवलं.

आता शपथ घेतलीच आहे तर सांगते, लायसन्स लगेच हातावर ठेवलं, हे शेवटचं तेवढं माझ्या पदरचं. पावलो तसाच हात पसरून उभा होता. इंजिन तापलं, किंचाळी बारीक होत होत थांबली, बेकरीतली माणसं परत कामाला लागली. आणि डारका पर्सशी झटत होती. चेन गोठलीय, बाबा, म्हणत होती.